संकेतांकाचा घोळ

आखातात राबणारा पाथरी वा जिंतूरचा कामगार तेथील बँकेतून थेट घरी पैसे धाडतो, तेव्हा त्याला खातेक्रमांकासोबत येथील बँकेचा ‘स्विफ्ट’ संकेतांक द्यावा लागतो. बेल्जियममध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या या संकेतांकात पहिली चार अक्षरे बँकेची, पुढील दोन देशाची, दोन स्थानाची व असल्यास शेवटची तीन शाखेची. पासबुकावरील अकरा अक्षरी आयएफएससी मात्र देशांतर्गत व्यवहारापुरता. दोहोंत गफलत सहज होते. त्यातच परभणी जिल्ह्यातील अनेक शाखांना स्वतंत्र स्विफ्ट संकेतांक नाही. २०१७ च्या विलीनीकरणाने स्टेट बँक ऑफ हैदराबादचे जुने संकेतांकही कालबाह्य ठरले. चुकीपायी घामाचा पैसा अडकून पडतो. अचूक संकेतांक मराठी खुलाशासह पासबुकावरच छापणे, हे बँकांचे कर्तव्य नव्हे काय?