जालन्याची काजळी झाडूने जाणार नाही




हवा बिघडलेल्या शहरांच्या केंद्राच्या यादीत जालना आहे. २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला, तेव्हापासून उपाय म्हटला की रस्ते झाडणारी यंत्रे, पाण्याचे फवारे आणि दुभाजकावरची झाडे. जिथे नळाला दिवसचे दिवस पाणी येत नाही, त्या शहराने रस्त्यावर पाणी फवारायचे! सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये या कार्यक्रमाचा देशभराचा हिशेब मांडला. ६४ टक्के पैसा धुळीवर गेला होता, उद्योगांच्या धुरावर एक टक्काही नाही.

धूळ आहेच, पण धूळ आणि काजळी एक नव्हे. औद्योगिक वसाहतीजवळच्या गच्चीवर बोट फिरवून पाहा. धूळ फुंकरीने उडते, काजळी बोटाला तेलकट चिकटते आणि धुतली तरी नखात राहते. ती इतकी बारीक की थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते, आणि वजनाला इतकी हलकी की ‘पीएम १०’च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांच्या, मोजमापात धुळीखाली दडून जाते. म्हणजे रस्ते झाडून आकडा सुधारेल, खोकला तोच राहील.

अर्धवट जळालेल्या इंधनातून काजळी होते. म्हणून प्रश्न एकच विचारायला हवा: कुठे, काय आणि किती जळते? जालन्यातले स्टील कारखानदार म्हणतात, आमच्या भट्ट्या विजेवर चालतात, धूर कसला? हे अर्धेच खरे. भट्टी विजेची असली तरी तीत पडणाऱ्या भंगाराला तेल, रंग, रबर, प्लास्टिक चिकटलेले असते, आणि भंगार टाकतानाचा धूर वर ओढून घेतला नाही तर तो शेडबाहेर पडतोच. पुढे थंड झालेले बिलेट, म्हणजे पोलादाचे ओतीव ठोकळे, सळईसाठी पुन्हा तापवायचे, तर तिथे कोळशासारखे इंधन लागते. बिलेट गरम असतानाच थेट रोलिंगला नेले तर हे दुसरे जाळणे वाचते आणि मालकाचा खर्चही. भंगार आणणारे, सळई नेणारे जुने डिझेल ट्रक वेगळेच. गाड्यांच्या धुरावरचा बीएस-६चा नियम एप्रिल २०२० नंतरच्या नव्या गाड्यांना, जुने ट्रक त्यातून सुटतात. उघड्यावर कचरा पेटवायला हरित लवादाने २०१६ मध्येच दंड ठरवला आहे, तरी कचऱ्याचे ढीग पेटतात.

आम्ही भोकरदन तालुक्यातले लोक काही धुतल्या तांदळाचे नाही. पऱ्हाट्या आणि मक्याची धाटे आमच्याही बांधावर जळतात. त्यांची कुट्टी करणारे यंत्र वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यात मिळाले तर काडी कोण लावेल?

कारखाने बंद करा, असे मी म्हणत नाही. आमच्या भागातल्या पोरांची भाकरी तिथे आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले. पाववाल्याला जे सांगता येते ते सळईवाल्याला का नाही? शिवाय कार्बन डायऑक्साइडसारखी काजळी शतकानुशतके हवेत राहत नाही, काही दिवसांत खाली बसते. जाळणे कमी केले तर फरक त्याच हिवाळ्यात दिसेल.

महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने जालन्यातल्या प्रत्येक रोलिंग मिल, बेकरी आणि वीटभट्टीचे इंधन व त्याचा महिन्याचा खप जाहीर करावा. फवाऱ्याचे टँकर त्यानंतर मागवावेत.

— एक वाचक, धावडा, ता. भोकरदन, जि. जालना