चारही दिशांना एकच छज्जा?

एप्रिल उजाडला की पश्चिमेच्या खोल्यांचे पडदे दुपारी दोनलाच ओढले जातात. तरी चारपर्यंत खोली तापते, पाचला एसी लागतो आणि बाहेरची भिंत पार रात्रीपर्यंत दिवसभराची उष्णता आत सोडत राहते. राज्यातल्या असंख्य नव्या घरांमध्ये हेच चालले आहे. रहिवासी उन्हाला बोल लावतात. आपण वास्तुविशारद, अभियंते आणि विकासक मात्र तसे करू शकत नाही. वाऱ्याचा वेग, पावसाचा जोर, भूकंपाचा धक्का हे सारे शक्यतांच्या आधारे धरून चालावे लागते. सूर्य कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कोनात असेल हे मात्र आपल्याला अगोदरपासून ठाऊक असते. ज्या गोष्टीचे इतके नेमके गणित हाती आहे, तिच्याबाबत आपण इतके बेफिकीर कसे, हा या अंकाचा प्रश्न आहे.

आपल्याकडची सरसकट पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. टिपिकल फ्लोअर प्लॅन तयार होतो, प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर दीड फुटाचा म्हणजे ४५० मिमीचा छज्जा दाखवला जातो आणि उत्तर असो वा पश्चिम, तो तसाच राहतो. पुढे एलिव्हेशन सपाट आणि ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून त्यातलेही काही छज्जे गळतात. कोणत्या भिंतीला किती सावली लागेल, हा विचार सेक्शनवर कधी उतरतच नाही.

पुण्याचे उदाहरण घेऊ. अक्षांश साधारण १८.५ अंश, खिडकीची उंची १२०० मिमी, छज्जा तिच्या डोक्याला लागून. दक्षिणेच्या भिंतीवर २१ मार्चला माध्यान्हीचा सूर्य ७१.५ अंशांवर असतो आणि ४५० मिमीचा छज्जा १३४५ मिमीपर्यंत सावली टाकतो, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. विषुवदिनी दक्षिण भिंतीवरची ही पातळी दिवसभर तीच राहते. एप्रिल-मेमध्ये सूर्य आणखी वर चढतो, त्यामुळे तेव्हाही चिंता नाही. डिसेंबरच्या अखेरच्या दहा दिवसांत तो माध्यान्ही ४८ अंशांवर उतरतो, सावली ५०० मिमीवर येते आणि थंडीतले हवेसे ऊन घरात येते. दक्षिणेला दीड फूट बव्हंशी पुरतो तो असा.

अडचण ऑक्टोबरची आहे. पाऊस सरून आकाश निवळलेले असते, हवेत ओल असते आणि सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. १५ ऑक्टोबरला माध्यान्ही ४५० मिमीच्या छज्ज्याची सावली ८९० मिमीच्या आसपास थांबते. खिडकीचा खालचा पाव भाग उघडा पडतो. पूर्ण झाकायची तर सुमारे ६१० मिमी, म्हणजे दोन फूट हवेत. सूर्याचा हाच कोन फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हाची हवा वेगळी असते. म्हणून दक्षिणेच्या छज्ज्याची लांबी ऑक्टोबर धरून ठरवावी. तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुढेही न्यावा. खिडकीच्या रुंदीएवढाच छज्जा ठेवला तर सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन बाजूने आत शिरते.

पश्चिमेला हेच गणित पार कोसळते. मेच्या मध्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास पुण्यात सूर्य सुमारे ३३ अंशांवर आणि जवळजवळ भिंतीसमोर असतो. ४५० मिमीच्या छज्ज्याची सावली तेव्हा जेमतेम ३०० मिमी पडते. चार फुटांच्या खिडकीतले तीन फूट थेट उन्हात! छज्ज्यानेच ती झाकायची म्हटले तर सुमारे १.८ मीटर, म्हणजे सहा फूट बाहेर यावे लागेल. सहा फुटांचा छज्जा कोणी काढत नाही, पण सहा फुटांची पडवी, गॅलरी किंवा व्हरांडा काढता येतो. कोकणातल्या घरांना पडवी असायची त्यामागे पाऊस होता तसेच हे ऊनही होते.

पश्चिमेला उभ्या फिन लावाव्यात असे आपण शिकलो. पण भिंतीला काटकोनात लावलेल्या फिन मे महिन्यातल्या त्या समोरून येणाऱ्या उन्हाला अडवत नाहीत, ते दोन फिनमधून सरळ आत येते. फिन तिरप्या हव्यात, फिरत्या हव्यात किंवा त्यांना आडव्या पट्ट्यांची जोड हवी. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत (१९५४) ल कॉर्बूझिए यांनी पश्चिमेच्या रस्त्याकडील सूर्यरोधक तिरपे ठेवले आणि पूर्वेला नदीकडील सरळ. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन उत्तरे देणे म्हणजे काय, हे त्या इमारतीइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

उत्तरेचे ऊन तर आपण विसरूनच गेलो आहोत. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि मार्चमधल्या विषुवदिनानंतरच्या सहा महिन्यांत सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तर भिंतीला चाटून जाते. इथे मात्र काटकोनातल्या छोट्या उभ्या फिन चांगले काम करतात. त्या लावायला खर्चही फार येत नाही.

सावली काचेच्या बाहेरच का हवी, हेही पुन्हा सांगायला हवे. काचेतून आत आलेले ऊन पडदा, फरशी, फर्निचर यांना तापवते. या तापलेल्या वस्तू ज्या दीर्घ लहरींची उष्णता सोडतात ती काचेतून आरपार बाहेर जात नाही. पडदा डोळ्यांना त्रास होऊ देत नाही, पण तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते. महागडी काच वापरली म्हणजे सावलीची गरज उरत नाही, हा समजही सोडायला हवा. गडद काच उजेडही कापते आणि मग पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दुपारी दिवे लावावे लागतात. छज्जा आकाशाचा उजेड येऊ देतो आणि थेट ऊन अडवतो.

अर्थात सावलीचा एकच साचा राज्यभर चालणार नाही. विदर्भात आकाश निरभ्र असते आणि ऊन थेट येते. तिथे खिडकी लहान, सावली खोल आणि भिंतीवरही सावली असे धोरण योग्य ठरते. कोकणात आणि मुंबईत दमट, ढगाळ हवेत उन्हाचा मोठा वाटा साऱ्या आकाशातून विखरून येतो आणि वारा ही मुख्य गरज असते. तिथे दाट जाळी लावून वारा कोंडणे म्हणजे एका त्रासाच्या बदल्यात दुसरा घेणे. मुंबईत पेच आणखी अवघड, कारण समुद्र, वारा, दुपारचे ऊन आणि पावसाची झोड सगळे पश्चिमेलाच. पेडर रोडवरच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) चार्ल्स कोरिया यांनी हा पेच सोडवला तो दोन मजली उंचीच्या, आत ओढलेल्या बागेच्या गच्च्यांनी. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा त्यांनी उंच इमारतीत नेला.

नियमांची साथही आता आहे. बीआयएसच्या एसपी ४१ (१९८७) या पुस्तिकेत सूर्यमार्गाची माहिती कितीतरी वर्षे उपलब्ध आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेसाठी, थंड प्रदेश वगळता, १५ वॅट प्रति चौरस मीटरची मर्यादा घातली आहे. या हिशेबात खिडकीवरील बाहेरच्या सावलीचा गुणक धरला जातो, तोही दिशेनुसार. म्हणजे पश्चिमेचा छज्जा आणि दक्षिणेचा छज्जा कागदावरही सारखे मोजले जात नाहीत. आपणच ते सारखे काढतो.

साइटवरच्या कामाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. छज्जा हा कॅन्टिलिव्हर आहे, त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट ओतताना कामगार तिच्यावर उभे राहतात, ती खाली दबते आणि काही वर्षांनी छज्जा मुळाशी तडकतो. सळईखाली चेअर, पुरेसे कव्हर, वरच्या पृष्ठावर उतार आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच या चार गोष्टी तपासल्याखेरीज ओतकाम होऊ देऊ नका. त्याच छज्ज्यावर पुढे एसीचे बाहेरचे युनिट चढणार असेल तर त्याची जागा आधीच वेगळी काढा.

विकासक म्हणतील, गॅलरीचे क्षेत्रफळ विकता येते, सावली विकता येत नाही. घर घेणारा माणूस मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे विजेच्या बिलातून त्या न दिलेल्या सावलीची किंमत मोजत असतो. ज्यांना एसी परवडत नाही ते झोपेतून आणि प्रकृतीतून मोजतात. परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांत सावलीवर आधी कात्री चालते याचे म्हणूनच फार वाईट वाटते. जिथे यंत्राचा आधार नाही, तिथे भिंतीनेच माणसाला सांभाळले पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या नकाशांच्या संचात एक पान सावलीचे असावे. चार दिशांचे चार सेक्शन, प्रत्येकावर मे आणि ऑक्टोबर महिन्यांतले सूर्याचे कोन, आणि त्यानुसार ठरवलेली छज्ज्याची किंवा फिनची मापे. हे पान एलिव्हेशनच्या आधी काढावे, म्हणजे एलिव्हेशन त्यातून घडेल. अध्यापकांनी ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून हाताने काढून घ्यावे. विकासकांनी ते विक्रीच्या माहितीपत्रकात छापावे आणि ग्राहकांनी ते मागावे. कोन आणि टँजंट एवढेच गणित त्याला लागते, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला येते.