गुत्त्यात गेलेला मास्तर

आमच्या घराण्यात दारूच्या दुकानाची पायरी आजवर कोणी चढलेले नव्हते. निदान चढल्याचे कोणी कबूल केलेले नव्हते. त्यामुळे वयाची पंचेचाळिशी गाठलेला मराठीचा एक प्राध्यापक, म्हणजे प्रस्तुत लेखक, मुंबईच्या एका जुन्या मद्यालयात तब्बल दीड तास बसून आला ही गोष्ट मी दोन महिने पोटात ठेवली होती. शेवटी म्हटले, दुसऱ्याने सोलापूरभर करण्यापेक्षा आपणच छापून टाकावी. दिवाळी अंकात आलेले लोक फारसे खरे धरीत नाहीत, हीही एक सोय आहे.

झाले असे की, एका चर्चासत्रासाठी मुंबईस गेलो होतो. निबंध वाचून झाला. श्रोत्यांपैकी जे जागे होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटायला पुष्कळ अवकाश होता. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हल्ली तो फोर्टातल्या एका बँकेत असतो. "सर, चला, तुम्हांला एक ऐतिहासिक वास्तू दाखवतो," म्हणाला. ऐतिहासिक म्हटल्यावर मी एशियाटिकच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणून निघालो. टॅक्सी थांबली ती कुलाब्याच्या कॉजवेवर, आणि समोर पाटी होती 'लिओपोल्ड'. आत टेबलाटेबलावर फेसाळलेले मग दिसत होते.

"अरे, हा तर गुत्ता!"

"सर, गुत्ता नाही, पब. आणि १८७१ सालचा आहे."

सन सांगितला की मास्तर विरघळतो, हे त्या लबाडाला वर्गापासून ठाऊक होते. मी दारातच हिशेब मांडू लागलो. १८७१ म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा अंमल. चिपळूणकरांची निबंधमाला सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. आमच्या सोलापूरची जुनी मिल निघाली १८७७ साली, म्हणजे हे दुकान तिच्याहून सहा वर्षांनी वडील. मिल बंद पडून जमाना लोटला. दुकान चालू आहे. हिशेब संपला तेव्हा मी खुर्चीवर बसलेला होतो.

उंच छत, गरगरणारे पंखे, खेटून मांडलेली टेबले आणि जगातल्या निम्म्या भाषांचा कलकलाट. दुकान काढले इराण्यांनी. आरंभी म्हणे तेलाचा घाऊक व्यापार होता. मग कधी औषधे, कधी किरकोळ सामान, कधी खाणावळ असे करीत ते आजच्या रूपाला आले. म्हणून नावात 'कॅफे'बरोबर 'स्टोअर्स'ही आहे. नाव बेल्जमच्या लिओपोल्ड राजावरून पडले असे सांगतात. राजा बेल्जमचा, मालक इराणचे, गिऱ्हाईक साऱ्या जगाचे आणि दारूबंदीचा कायदा आपला, १९४९ सालचा! त्याच कायद्याने मराठीला 'परमिट रूम' हा शब्द दिला. भाषाशास्त्राचा तास घेताना मी हे उदाहरण देत नाही, एवढेच.

"सर, मी एक बीअर घेतली तर चालेल ना?" विद्यार्थ्याने विचारले. बाप झालेला, टक्कल पडू लागलेला गृहस्थ. पण आवाज अगदी गृहपाठ न आणलेल्या मुलाचा. मी उदारपणे मान हलवली आणि स्वतःसाठी लिंबू-सोडा मागवला. आलेला ग्लास मात्र असा ऐटबाज होता की दुरून पाहणाऱ्याला तो सोडा वाटणे कठीण. मी चेहरा दाराकडून भिंतीकडे वळवून बसलो. मुंबईत सोलापूरकर कुठे भेटेल याचा नेम नसतो.

आणि म्हणूनच मला ते भोक दिसले.

भिंतीत बोट जाईल एवढे. सभोवतीचा गिलावा उडालेला. एवढे चालते दुकान, आणि भिंत दुरुस्त करीत नाहीत? मी तसे म्हणालोही. विद्यार्थ्याने मग खाली ठेवला.

"सर, ती गोळी आहे. २६ नोव्हेंबर २००८."

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास दोघे जण दाराशी आले, हातबॉम्ब फेकला आणि जेवणाऱ्या माणसांवर बंदुका चालवल्या. दहाच्या आसपास माणसे इथे गेली. त्यांत इथले दोन वाढपीही होते. ज्या स्टेशनावर मी सकाळी उतरलो होतो तिथेही त्याच रात्री रक्त सांडले. हे सारे मी त्या वेळी वर्तमानपत्रांत वाचले होते, वर्गात त्यावर बोललोही होतो. पण वाचलेली गोळी वेगळी आणि हाताच्या अंतरावरची वेगळी.

चौथ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, दुकानाने दारे उघडली. फरशी धुतली, फुटके तुटके आवरले. पण भिंतीतली भोके बुजवली नाहीत. आजही माणसे त्यांच्याखाली बसून खातात, हसतात, बिलावरून वाद घालतात.

माझा सोडा तसाच राहिला. कारण मला एकदम आमची भिंत आठवली.

आमच्या माजघराच्या भिंतीवर एक कुऱ्हाड टांगलेली असे. ती आजोबांची. मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर, सोलापुरात लोक शिंदीची झाडे तोडायला निघाले. शिंदीवरच्या अबकारीतून सरकारची तिजोरी भरत होती. झाड पडले की कर पडला, असा साधा हिशेब. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला गर्दी लोटली आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण त्यात पडला. पुढे मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्या गर्दीत ते कुऱ्हाड घेऊन गेले होते. आमच्या घराण्याने दारूच्या दुकानाची पायरी न चढण्याचे मूळ ते.

आजोबा १९९१ साली गेले. कुऱ्हाड भिंतीवर राहिली. आठ वर्षांपूर्वी घराची डागडुजी काढली तेव्हा गवंड्याने विचारले, "मास्तर, हिचं काय करू?" नव्या रंगावर गंजाचा डाग नको, म्हणून मी म्हणालो, "दे टाकून." भंगारवाल्याने वजन केले असेल. खिळ्याचे भोक गवंड्याने लांबीने इतके सुबक बुजवले की आज मलाही ते सापडत नाही.

मी हे विद्यार्थ्याला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, बारावीला तुम्ही आम्हांला चार पुतळ्यांवर निबंध घातला होता. मला दहापैकी आठ दिले होते तुम्ही."

हे सांत्वन होते की आणखी काही, कोण जाणे. ज्या शिंदीविरुद्ध आजोबांनी कुऱ्हाड उचलली तिचीच थोरली भावंडे विकणाऱ्या दुकानाने आपली जखम भिंतीवर सांभाळली. आणि मी, पिढ्यान्‌पिढ्या निर्व्यसनी घराचा नातू, माझ्या घरातली खूण वजनावर विकून बसलो होतो.

बाहेर आलो. कॉजवेच्या पाटीवर रस्त्याचे खरे नाव दिसले: शहीद भगतसिंग मार्ग. भगतसिंगांची फाशी २३ मार्च १९३१ ची, आमच्या चौघांनंतर सव्वादोन महिन्यांची. सारी मुंबई त्याला कॉजवेच म्हणते. हसू आले नाही, कारण आमच्या चौकालाही आम्ही नुसते 'चार पुतळे' म्हणतो आणि रिक्षावाल्याला तिथून डावीकडे वळायला सांगतो.

सकाळी सोलापूरला उतरलो. त्या रविवारी धाकट्या मुलीला घेऊन चार पुतळ्यांपाशी गेलो आणि चौघांची नावे तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. तिथून रूपाभवानीला गेलो. देवीचे दर्शन झाल्यावर तिला पणजोबांची हकीकत सांगितली. तिने इकडे तिकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, मग ती कुऱ्हाड कुठंय?"

मी खरे ते सांगितले. घरी आल्यावर तिने पेन्सिल घेतली, मला माजघरात उभे केले आणि विचारले, "भिंतीवर नक्की कुठं होती?" मी अंदाजाने बोट ठेवले. तिथे तिने कुऱ्हाडीचे चित्र काढले आहे. दांडा जरा वाकडा झाला आहे. दिवाळीपूर्वी रंग द्यायला माणूस आला होता. त्याला म्हटले, "एवढी भिंत सोडून बाकीचं रंगव."