सुजेचे टप्पे आणि औषधाची वेळ

डोक्याला जबर मार बसल्यावर किंवा मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबल्यावर होणारी हानी त्या क्षणापुरती थांबत नाही. पुढील काही तासांत व दिवसांत मेंदू सुजू लागतो, आणि कवटीत वाढीला जागा नसल्याने आतला दाब चढून, पहिल्या आघातातून वाचलेल्या पेशींचाही रक्तपुरवठा घटतो. ही सूज एकजिनसी नाही, हे इगोर क्लाट्झो यांनी १९६७ मध्येच पेशीजन्य व वाहिनीजन्य असे दोन प्रकार करून मांडले होते. उपचारांना मात्र हा भेद पचवायला फार वेळ लागला.

आरंभ पेशीत होतो. प्राणवायू व ग्लुकोज मिळेनासे झाले, की पेशीचे ऊर्जाद्रव्य असलेले एटीपी संपते, सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो, सोडियम व क्लोराइड आत साचतात आणि त्यांच्यामागे पाणी शिरते. चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशी यात सर्वाधिक फुगतात. एवढ्याने मेंदूचे एकूण आकारमान वाढत नाही, कारण पाण्याने केवळ जागा बदललेली असते. परंतु पेशींबाहेरच्या द्रवातले सोडियम घटल्याने ते रक्तातून ओढले जाते, त्याबरोबर पाणी येते, आणि खरी सूज येथून वाढू लागते. पुढे एमएमपी-९ सारखी विकरे, म्हणजे प्रथिने तोडणारे रेणू, केशवाहिन्यांचे आधारपटल कुरतडतात, रक्त व मेंदू यांमधला अडसर ढासळतो आणि प्रथिनेही झिरपतात; हीच वाहिनीजन्य सूज.

अ‍ॅक्वापोरिन-४ या तारकापेशींवरील जलमार्गाचे वर्तन टप्प्यांमधला हा फरक ठळकपणे दाखवते: हा मार्ग नसलेल्या उंदरांत पेशीजन्य सूज कमी आढळली, वाहिनीजन्य सूज मात्र अधिक बळावली, कारण साचलेले पाणी बाहेर पडण्याची वाटही तीच होती. तो मार्ग सरसकट बंद करणारे औषध म्हणूनच अवेळी दिल्यास घातक ठरू शकते.

औषधासाठी दुसरे लक्ष्यही समोर आले: निरोगी मेंदूत जवळपास न आढळणारी, इजेनंतर नव्याने घडणारी आणि एटीपी घटताच उघडणारी सर-१–टीआरपीएम-४ ही आयनवाहिनी मेरीलँड विद्यापीठातील मार्क सिमार्ड यांच्या गटाने उजेडात आणली, आणि ती मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड या जुन्या औषधाने बंद होते हेही दिसले. तरीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या पक्षाघाताच्या रुग्णांवरील ‘चार्म’ चाचणीत या औषधाने रुग्णांची कार्यक्षमता सुधारली नाही. ही चाचणी वेळेआधीच थांबली होती, त्यामुळे तिच्यावरून मूळ यंत्रणाच खोटी ठरवणे घाईचे होईल.

घाईची किंमत यापूर्वी मोजली गेली आहे. मेंदूतील गाठीभोवतीची वाहिनीजन्य सूज स्टेरॉइडने उतरते म्हणून ते डोक्याच्या दुखापतीतही दिले जात असे. २००४ च्या ‘क्रॅश’ चाचणीत १०,००८ रुग्णांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के दोन आठवड्यांत दगावले. मॅनिटॉल, तीव्र क्षारद्रावण आणि कवटीचा तुकडा काढणारी शस्त्रक्रिया हे आजचे मुख्य उपाय दाब उतरवतात, पण सूज घडवणाऱ्या रेणूंना हात लावत नाहीत. पुढील चाचण्यांत रुग्ण निवडताना इजेच्या नावाआधी सुजेचा टप्पा पाहिला गेला पाहिजे.