विषाला बंदी, मजूर मात्र उघडा

पॅरिस ग्रीन हे हिरवेगार चूर्ण म्हणजे तांबे, ॲसिटेट व आर्सेनिक यांचे संयुग. पोटातील आम्लाशी गाठ पडताच त्यातील आर्सेनिक मोकळे होते आणि पेशींतील विकरांना जखडून टाकते. किडीला आणि माणसाला एकच न्याय! भारतात त्यावर बंदी आहे, ती योग्यच. परंतु एवढ्याने फवारणी करणारा मजूर सुरक्षित झाला, असे नव्हे. 2017 च्या खरिपात पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे आर्सेनिक नव्हते. प्रोफेनोफॉससारखी दुकानात राजरोस मिळणारी औषधे होती. (विषाला औषध म्हणण्याची आपली रीतही पाहण्यासारखी आहे.) हिंगोलीच्या कापूस-सोयाबीनच्या शिवारातही पंप पाठीवर घेणारा असाच रोजंदारीवरचा माणूस असतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख असलाच पाहिजे. तो द्यायचा कोणी, हा भार मात्र कोरडवाहू शेतकऱ्यावर ढकलला जातो आणि विष विकून नफा मिळविणारी कंपनी नामानिराळी राहते. पोशाखाचा खर्च कंपनीने सोसावा, तो डब्याबरोबरच मजुराच्या हाती पडावा आणि खरिपापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपीनचा पुरेसा साठा असावा, ही मागणी हिंगोलीच्या जिल्हा प्रशासनापुढे गावोगावच्या शेतमजुरांनीच नेली पाहिजे.