असुराला आधी वर द्या

जुलै २०२४मध्ये मार्व्हल स्टुडिओने जाहीर केले की, ज्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरने अकरा वर्षे आयर्नमॅन उभा केला, तोच आता डॉक्टर डूम या खलनायकाच्या वेशात परतणार. चाहत्यांनी टाळ्या पिटल्या. पण त्या घोषणेत एक न बोललेली कबुलीही होती. थॅनॉस या गाजलेल्या खलनायकानंतर पाच वर्षे उलटली तरी पुढची मालिका खांद्यावर पेलेल असा खलनायक या कारखान्याला सापडलेला नव्हता. ज्या कांगवर सगळी भिस्त होती, त्याला फेब्रुवारी २०२३च्या ‘क्वांटमेनिया’त मुंग्यांच्या झुंडीने लोळवले. तोवर चित्रपटभर त्याच्या दहशतीचे चौघडे वाजत होते. प्रेक्षकाने मुंग्या पाहिल्या आणि घाबरायचे काम तिथेच थांबवले. कांगचा बेत पुढे गुंडाळला गेला, त्याला पडद्याबाहेरची कारणेही होती. पण पडद्यावर तो आधीच आपटला होता.

अफाट पैसा, संगणकी करामती, कसलेले नट हाताशी असूनही खलनायक का फसतात? उत्तरासाठी हॉलिवूड गाठण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. मंगळवार सोडून कधीही जावे. हिवाळ्यात शाळांच्या सहलींच्या एसटी बस तिथे रांगेने लागतात. कैलास लेण्यात शिरलेली पोरे हत्ती बघून पुढे पळतात, पण मंदिराच्या दक्षिण बाजूला एका शिल्पापाशी त्यांचे पाय थबकतात. तिथे रावण कैलास पर्वत हलवतो आहे.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर डोंगर वरून खाली खोदत घडवले गेले. त्यातल्या या रावणाकडे जरा निरखून पाहावे. त्याला खाली, खोल कोनाड्याच्या अंधारात बसवले आहे. अनेक हात चहूबाजूंनी कातळाला भिडलेले, सगळे अंग ताणलेले. वर उजेडात शिव-पार्वती. पर्वत डळमळल्यामुळे पार्वती शंकराला बिलगली आहे, मागे एक दासी घाबरून पळत सुटली आहे. शंकर मात्र शांत. पायाचा नुसता दाब पुरेसा आहे. शिल्पकाराने रावणाला कुठेही हास्यास्पद केलेले नाही. त्याच्या बळाची साक्ष देवी आणि दासी दोघी देतात, आणि ते बळ खरे वाटते म्हणूनच शंकराच्या शांतपणाला किंमत येते.

कथाही तशीच नेटकी. पुष्पक विमानातून जाताना रावणाचा रस्ता कैलासापाशी अडला, नंदीने पुढे जायला मज्जाव केला, रावण चिडला आणि पर्वतच उचलून बाजूला करायला निघाला. अडलेल्या रस्त्यावरून भडकणारा माणूस आपल्याला संभाजीनगरच्या जालना रोडवर रोज भेटतो. हे कारण कळायला पुराण वाचावे लागत नाही. हात पर्वताखाली चेंगरल्यावर रावणाने जी स्तुती केली, तिने शंकर प्रसन्न झाला आणि चंद्रहास खड्ग देऊन त्याने त्याला सोडले. म्हणजे ज्याने धडा शिकवला, त्यानेच शस्त्रही दिले. हा शत्रू परका नाही, भक्त आहे. वेरूळच्या चौदाव्या लेण्याला तर लोकांनी ‘रावण की खाई’ असेच नाव देऊन टाकले आहे. आत दुर्गा आहे, शिव आहे, पण ओळख उरली ती रावणाची.

शेजारच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात हिरण्यकशिपू आहे. नृसिंहाचा हात अंगावर पडला तरी त्याच्या हातातली ढाल-तलवार सुटलेली नाही. त्याचा वर सर्वांना पाठ आहे. माणसाकडून नाही, पशूकडून नाही; घरात नाही, बाहेर नाही; दिवसा नाही, रात्री नाही. देवालाही त्यातून फट शोधावी लागली. त्याच लेण्यात अंधकासुराचा वध आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा अंधक उभा राहणार, म्हणून खाली हडकुळी काली वाडगा घेऊन बसली आहे. शिवपुराणाच्या कथेत हा अंधक शिव-पार्वतीच्याच क्रीडेतून जन्मलेला, आणि तो अभिलाषा धरतो ती पार्वतीचीच. वेरूळच्या या तिन्ही बलदंडांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यापुढे नुसत्या मुठीचे काही चालत नाही. त्यांच्यासाठी देवाला संयम, युक्ती किंवा वाडगा आणावा लागतो.

पडद्यावरचा खलनायक नेमका इथे फसतो. त्याला ताकद भरपूर दिली जाते, पण त्या ताकदीला अटी नसतात आणि त्याच्या मागण्यात नायकाला बोचेल असे काही नसते. ‘थॉर: द डार्क वर्ल्ड’मधला (२०१३) मालेकिथ पाहा. त्याला उजेडाच्या आधीचा अंधार परत आणायचा आहे. कारण तसे आहे. पण ते ऐकून चित्रपटातले एकही पात्र क्षणभरसुद्धा विचारात पडत नाही. मग उरते फक्त हाणामारी. आपल्याकडचा ‘रा.वन’ (२०११) तर नावापासूनच रावणाचा वारसा सांगतो. सुरुवात फक्कड आहे. मुलाला नायकांपेक्षा खलनायक आवडतात, म्हणून बाप व्हिडिओ गेममध्ये अजिंक्य खलनायक घडवतो. पण तो गेममधून बाहेर आल्यावर त्याला अर्धवट राहिलेला खेळ पुरा करण्यापलीकडे काही हवेच नसते. असे खलनायक म्हणजे दसऱ्याचे पुतळे. दरवर्षी उंची दोन फूट वाढते, पोटात फटाके जास्त भरले जातात, आणि जळून गेल्यावर त्यांची आठवण कुणाला येत नाही.

जे टिकले त्यांची गोष्ट वेगळी. ‘द डार्क नाइट’मधल्या (२००८) जोकरला ना पैसा हवा, ना राज्य. त्याचा एक दावा आहे: थोडा धक्का दिला की कुणीही सज्जन त्याच्यासारखाच होतो. दोन बोटींच्या प्रसंगात हा दावा खोटा ठरतो, सज्जन हार्वे डेंटच्या बाबतीत खरा. म्हणून जोकर पकडला गेला तरी प्रेक्षक घरी जाताना अस्वस्थ असतो. हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळाले ते रंगवलेल्या तोंडासाठी नव्हे. ‘ब्लॅक पँथर’मधल्या (२०१८) किलमाँगरचा बाप नायकाच्या बापानेच मारलेला असतो, आणि त्याचा सवाल सरळ असतो: जगभर आपली माणसे भरडली जात असताना तुम्ही संपत्ती लपवून बसलात कसे? नायक त्याला हरवतो, पण शेवटी आपल्या देशाची दारे उघडतो. खलनायक मेला, त्याचे म्हणणे अर्धे मान्य झाले. थॅनॉसचे गणित राक्षसी आहे, पण ते गणित आहे. आणि अर्धी सृष्टी संपवून झाल्यावर तो काय करणार हेही ठरलेले आहे. तो एका निवांत ग्रहावर जाऊन बसतो.

एवढे मोठे बजेट लागतेच असेही नाही. बेसिल जोसेफच्या मल्याळम ‘मिन्नल मुरली’त (२०२१) एकच वीज दोघांवर पडते: अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या शिंप्यावर आणि चहाच्या टपरीवर राबणाऱ्या, गावाने वेडा ठरवलेल्या शिबूवर. ताकद एकच, वाट्याला आलेली माणसे वेगळी. शिबूचे प्रेम इतके खरे आहे की, तो गावावर उलटतो तेव्हा आपण मनातल्या मनात त्याचा वकील होतो.

मराठीत तर महेश कोठारेंनी ‘झपाटलेला’त (१९९३) हेच एका बाहुल्यावर करून दाखवले. रामदास पाध्येंच्या कसबातून जिवंत झालेल्या तात्या विंचूची उंची हातभर, पण त्याची निकड पक्की. त्याला बाहुल्यातून सुटून नायक लक्ष्याच्या देहात शिरायचे आहे. त्याला मारायचे तर गोळी भुवयांच्या मधोमधच लागली पाहिजे. आणि बाहुला जिवंत आहे यावर कुणी विश्वासच ठेवत नाही, त्यामुळे लक्ष्या एकटा पडतो. म्हणजे अटी हिरण्यकशिपूसारख्या आणि जवळीक अंधकासारखी. तीस वर्षांनंतरही पोरे त्याची नक्कल करतात, यात नवल नाही.

याच जिल्ह्यात याहून पुढची एक पायरी आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात, बुद्धांना ढळवू पाहणाऱ्या माराचे शिल्प आहे. मार फौजफाटा घेऊन येतो, आपल्या कन्या नाचवतो; बुद्ध ढळत नाहीत. परंपरेतल्या कथेप्रमाणे शेवटी मार विचारतो, या आसनावर बसण्याचा तुला अधिकार काय आणि त्याला साक्षी कोण? बुद्ध हाताने भूमीला स्पर्श करतात. शिल्पात खाली हरलेला मार खिन्न बसलेला दिसतो. तिथे कुणाचे डोके उडवलेले नाही. सव्विसाव्या लेण्याच्या कारागिरांनी पाचव्या शतकात ओळखले होते की, खलनायकाचे खरे हत्यार म्हणजे त्याचा प्रश्न. नायकाची कसोटी असते ती त्याला उत्तर देण्यात.

आता मराठीतही सुपरहिरो आणायच्या गोष्टी अधूनमधून निघतात. आणावेत. फक्त लेखकाने पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. खलनायकाचा रस्ता नेमका कुणी अडवला? त्याला कोणता वर आहे आणि त्या वरात फट कुठे आहे? आणि तो जिंकलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘जगाचा विनाश’ याखेरीज उत्तर सुचत नसेल, तर निर्मात्याकडे स्फोटांसाठी पैसे मागायला जाऊ नये. ते पैसे वाचवून दुसरा लेखक नेमावा.