बुडालेली मजुरी आणि हिशेबाची वही

मजुरी बहुधा काम सुटताना बुडते. मजूर कामावर असेतो मालकाला त्याची गरज असते. तो निघाला की उरलेली रक्कम ‘पुढे पाहू’ म्हणून लांबणीवर पडते. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जाणाऱ्या आदिवासी जोडप्यांना हा अनुभव नवा नाही. उचल मुकादमाची आणि हिशेबाची वहीही त्याचीच. हंगामाअखेर उचल फिटली की नाही, हे तोच ठरविणार!

१९७२ साली, शहादे-तळोदे भाग धुळे जिल्ह्यात असताना, अंबरसिंग सुरतवंती व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमिक संघटना उभारली आणि सालदारांच्या वेतनाचा प्रश्न ऐरणीवर आणला. एकट्याने मागितली तर जी विनवणी ठरे, ती गावाने मागताच हक्काची मागणी ठरली. त्या लढ्याचा हा धडा आजही शिळा झालेला नाही.

किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम ही घटनेच्या तेविसाव्या कलमानुसार सक्तीची मजुरी होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या प्रकरणात दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ च्या वेतन संहितेनुसार, काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते झाले पाहिजे. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, तो नोंदणीकृत संघटनेलाही सभासदाच्या वतीने दाखल करता येतो आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. नव्या कामगार संहितांना संघटनांचा विरोध आहे, आणि तो सकारण आहे. म्हणून हाती असलेले हत्यार गंजू द्यावे काय?

परंतु पुराव्याचा भार मालकावर असला तरी मालक कोण, हे मजुराला सांगता आले पाहिजे. नेमके येथेच दावा अडतो. मुकादम कारखान्याकडे बोट दाखवितो, कारखाना मुकादमाकडे. घर सातपुड्यात, कचेरी परराज्यात. एकटा मजूर किती खेटे घालणार?

म्हणून कार्यकर्त्यांचे काम हंगामापूर्वीच सुरू झाले पाहिजे. टोळी निघण्याआधी मुकादमाचे व कारखान्याचे नाव, उचलीची रक्कम आणि ठरलेला दर गावच्या वहीत नोंदवा. तोडलेल्या उसाची नोंद टोळीतल्याच शिकलेल्या मुलाकडे सोपवा. परतल्यावर आठवड्याच्या आत हिशेब मांडा आणि सर्वांचा दावा संघटनेमार्फत एकत्र दाखल करा. मालकाच्या वहीला उत्तर देणारी मजुरांची वही गावोगाव तयार होईल, तेव्हाच कायद्यातील हक्क मजुराच्या पदरात पडेल.